बारीवर बसण्याआधी

तीन आठवडे साबण बंद.
गुणाजी गोताड म्हणाला, डुकराला डोळे कमी, नाक जास्त;
तुझा तो हिरवा साबण त्याला पऱ्ह्यापलीकडनं ऐकू येईल.
ऐकू येईल, असंच म्हणाला.

मी टपाल कचेरीतला माणूस.
हातात आजवर शिक्का धरला,
आणि लहानपणी, दिवाळीत, टिकल्यांचं पिस्तूल.
तरी वहीच्या मागल्या पानावर लिहायला घेतलं:
बॅटरी, दोरी, कोयता, गूळ, भाकऱ्या सहा,
आयोडीन, जाड मोजे
(मोज्यांवर गुणाजी हसला, मी ते खोडले,
मग करवंदीच्या जाळीत एकदा जाऊन आलो
आणि परत लिहिले).

बंदूक ठासणीची, चुलत्यामागे माझ्या नावावर आलेली,
परवाना पीक राखायचा, घडीवर फाटलेला.
नाट्याच्या इब्राहिम सोलकरनं तिचा घोडा बसवून दिला,
पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, त्या जनावराचा वाटा मला चालत नाही,
पण बार झाला तर खाडीपर्यंत ऐकू यायला हवा.

रोज तिन्हीसांजेला मी ती रिकामीच उचलतो,
पडवीच्या खांबावरल्या गाठीवर नेम धरतो.
गाठ हलत नाही. तोच घोळ आहे.
शेवंती म्हणते, त्या गाठीला तरी सोडा,
तिनं कुणाची नाचणी खाल्ली?

नाचणी खाल्लीय खरी.
वरच्या अंगाचा अर्धा मळा एका रात्रीत नांगरल्यासारखा,
आणि चिखलात खूर.
माझ्या वितीएवढे नाहीत,
पण वीत मांडून बघितली तेव्हा
हात मी जरा लवकरच उचलला.

रविवारी गुणाजीनं कोळशानं
आमच्या पडवीतच सडा काढला:
हा कातळ, ही आयनाची राई, हा पऱ्ह्या,
इथं करवंदीचं गचपण, त्यात त्याची निजायची जागा.
हाकारे उगवतीकडनं उठतील, पत्र्याचे डबे बडवत.
सकाळी मतलई वाहते, म्हणून आपण मावळतीला,
दर्या पाठीशी.
ऊन वर आलं, खारा वारा सुटला, की मग?
"मग उठायचं, घरी यायचं.
त्या दिसापुरता तो जिंकला."

मी सगळं विचारलं. किती हातांवरून,
दारू किती बोटं, खांद्यामागं नेमकं कुठं.
त्यानं सगळं सांगितलं, तंबाखू मळत.
मग त्यानं एकच विचारलं:
"नुसता लागला, पडला नाय, जाळीत शिरला.
पानावर रगत. तिनसान झालेली.
मागनं जाशील?"

तेव्हा बघू, मी म्हणालो.
"तेव्हा बघायला डोळे नसतात. आत्ता बघ."

वहीत यासाठी ओळ नाही.
चार रात्री मी ती जाळी आतून बघतोय:
गुडघ्यांवर, बॅटरी दातांत,
आणि पुढं अंधारात कुणीतरी धापा टाकतंय,
माझ्यापेक्षा हळू.

शेवंतीनं काल पडवी सारवली.
कातळ गेला, राई गेली, पऱ्ह्या शेणाखाली बुजला.
खांबाच्या बुडाशी एक काळा ठिपका तेवढा उरला.
तो मी होतो की तो, आठवत नाही.

आज पहाटे देवळासमोर नारळ ठेवला,
गावकारानं गाऱ्हाणं घातलं,
माझं नाव नवीन, म्हणून दोनदा घेतलं.
आणि आता सड्यावर, तांबडं फुटायच्या आत,
गुणाजी कुजबुजला, वारा बघ.

कंबरेच्या पुरचुंडीतली चिमूटभर राख उडवली.
सगळी माझ्याच डोळ्यांत आली.
काही दिसत नव्हतं. डोळे चोळत मी म्हणालो, जाईन.
"चांगलं," गुणाजी म्हणाला,
आणि पुढं चालू लागला.